सातने भाग जातो का?

बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पहिल्या घरात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४... अशी दुप्पट करत ६४ घरं भरायची. एकूण दाणे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. मी ही गोष्ट शाळेत कितीतरी वर्षं सांगितली. आकडा फळ्यावर लिहिला की वर्ग "अबब!" म्हणायचा आणि मी खूश होऊन डस्टर उचलायचे.

एकदा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "बाई, याला सातने भाग जातो का?"

मी बी.ए. झालेली, तेही मराठी माध्यमातून. शिक्षक कमी म्हणून गणिताचे तास माझ्याकडे आलेले. "वीस आकडी भागाकार करायला वेळ नाही, खाली बस," मी म्हणाले. वर्ग हसला. त्या मुलाने पुन्हा कधी काही विचारलं नाही.

उत्तर मला निवृत्तीनंतर सापडलं, आणि भागाकार करावाच लागला नाही! २, ४, ८, १६, ३२... यांना सातने भागत गेलं की बाकी २, ४, १, २, ४, १ अशी फिरत राहते. एकूण दाणे म्हणजे २ चा ६४ वा घात वजा १. चौसष्टात तिनाच्या २१ फेऱ्या होतात आणि वर एक उरतो, म्हणजे बाकी २. त्यातून १ गेला, बाकी १. नाही जात भाग.

माझं स्पष्ट मत आहे की मोठी संख्या मुलांना नुसती दिपवायला दाखवू नये, फोडायला द्यावी. इथे लागतं काय, तर आठवी-नववीतलं दोन वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र. ते पुन्हा पुन्हा लावलं की ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७ असे तुकडे पडतात. पहिले पाचही मूळ संख्या. शेवटचाही मूळच असणार असं सतराव्या शतकात फर्माला वाटलं होतं. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की त्याला ६४१ ने भाग जातो. दुसरा अवयव ६७,००,४१७. एवढा मोठा गणिती चुकला, हे ऐकून मुलांना केवढा धीर आला असता! (मलाही आला.) आपण मात्र राजाची फजिती सांगून तास संपवतो.

परवा नातीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, मग अकराने?"

कागद घेऊन बसलो दोघी. अकराची फेरी दहा आकड्यांची निघाली, त्यामुळे जरा वेळ लागला. बाकी ४ उरते.