चार आण्याची कोंबडी, बारा आण्याची वायर

एके काळी मनगटी घड्याळाला रोज किल्ली द्यावी लागे. घड्याळ एचएमटीचे असो वा परदेशी, चिमटीत किल्ली फिरवली की दिवसाची निश्चिंती. त्यासाठी वेगळे काही विकत आणावे लागत नसे. आजचे स्मार्टवॉच पावले मोजते, नाडीचे ठोके सांगते. पण वायर हरवली की ते मुके! आणि तशीच दुसरी वायर सहजी मिळेल तर शपथ.

महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत मोबाइलच्या दुकानात 'घड्याळाची वायर द्या' म्हणून पाहावे. दुकानदार आधी घड्याळच मागतो. कुणाला चुंबकाने चिकटणारी दोन पिनांची वायर लागते, कुणाला चार पिनांची, कुणाला नुसती चकती. दोन पिनांच्या वायरी दिसायला जुळ्या बहिणी. पण एकीच्या पिनांतील अंतर २.८४ मिलिमीटर, तर दुसरीच्या ४. शिवाय बऱ्याच खोक्यांत अडॅप्टर नसतोच. वायरीचे टोक जुन्या चपट्या यूएसबीचे आणि घरच्या नव्या अडॅप्टरला खाच टाईप-सीची! मग मधला जोड विकत घ्या. मोठ्या अडॅप्टरने घड्याळ जळेल, ही धास्ती वेगळीच. चांगल्या अडॅप्टरमधून घड्याळ हवी तेवढीच वीज घेते, हे खोक्यावर मराठीत छापायला अशी किती शाई लागते?

कंपन्या म्हणतात, घड्याळ लहान, आत पाणी शिरता कामा नये, म्हणून टाईप-सीची खाच देता येत नाही. हे खोटे नव्हे. परंतु खाच नको म्हणून प्रत्येकाची वायर निराळी हवी, हे कुठले तर्कशास्त्र? मोबाइलच्या बिनतारी चार्जिंगसाठी 'ची' नावाचे सामाईक मानक आहेच. मग घड्याळांसाठी का नसावे?

युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइल, टॅबलेट, इअरफोनना टाईप-सी सक्तीचे केले. त्या यादीत स्मार्टवॉच नाही. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या बैठकीत मोबाइल, टॅबलेट व लॅपटॉपसाठी टाईप-सीवर एकमत झाले. घड्याळांचा प्रश्न मात्र अभ्यासासाठी बाजूला काढला गेला.

आपल्या भागाला हा धडा नवा नाही. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्ग ब्रॉडगेज झाला, तरी मिरजेहून बेंगळूरकडे मीटरगेज आणि पंढरपूरकडे नॅरोगेज होतीच. एका गावात तीन रुंदींचे रूळ! एका रुळाचा डबा दुसऱ्यावर जात नसे. पोती मात्र हमालांच्या पाठीवरून जात. रूळ ठरवणारे वेगळे, ओझे वाहणारे वेगळे. पुढे तिन्ही मार्ग एकाच रुंदीचे झाले. त्याने रेल्वेची प्रगती काही अडली नाही.

आजचे ओझे कोण वाहतो? शिरोलीच्या फौंड्रीत राबून हप्त्याने घड्याळ घेणारा कामगार वाहतो. वायर मिळाली नाही की धडधाकट घड्याळ कचऱ्यात आणि हप्ते मात्र चालू! सरकारने घड्याळांसाठीही एक मानक ठरवावे. तोवर कोणती वायर, कोणता अडॅप्टर आणि सुटी वायर केवढ्याला, हे खोक्यावर छापणे सक्तीचे करावे. आणि आपण ग्राहकांनी घड्याळाचा रंग पाहण्याआधी विचारावे, "याची वायर उद्या मिळेल का?" उत्तर नाही आले, तर सरळ पायरी उतरावी.