यमूला किती गुण?

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला की कादंबऱ्यांतल्या साऱ्या नायिका मला सख्ख्या बहिणी वाटू लागतात. कादंबरी कोणतीही असो, नायिका आपली प्रेमळ, सोशिक, त्यागी आणि पतिपरायण! प्रत्येक गुणाखाली ठळक रेघ. कारण एक गुण लिहिला की दोन गुण मिळतात, हा हिशेब गाइडाने मुलांना पक्का शिकवलेला असतो.

परवाचा प्रश्न हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या यमूवर होता. एका मुलीने जेमतेम अर्धे पान लिहिले होते. सुरुवातच अशी : ‘यमू सोशिक नव्हती. सोशिक असती तर तिने हे सांगितलेच नसते.’

वाचकहो, मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. नमुना-उत्तरात ‘सोशिकपणा’ हा पहिलाच मुद्दा होता!

पण मुलीचे काय चुकले? ही कादंबरी १८९० पासून हरिभाऊंच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली, आणि ती यमू स्वतः सांगते. लेखणी हरिभाऊंची खरी, पण ‘मी’ यमूचा. माहेरी धाकात वावरणारी आई, नवऱ्यापायी हाल सोसणारी मैत्रीण दुर्गी, मुंबईच्या बिऱ्हाडातले थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि जबरीने केलेले केशवपन, हे सारे तिने पाहिले, भोगले आणि शब्दांत मांडले. नुसते सोसणारे माणूस गप्प बसते. हिने नाव घेऊन सांगितले, की अमक्याने असे केले. याला सोशिकपणा म्हणायचे, तर साक्ष कशाला म्हणायचे?

म्हणून मी वर्गात सांगतो, विशेषणे शेवटी लिहा. आधी तीन गोष्टी शोधा. ही बाई काय करते? तिला काय करू दिले जात नाही? आणि तिची हकीकत सांगतो कोण? तिसऱ्याचे उत्तर ‘ती स्वतः’ असे आले, की पहिल्या दोहोंचा अर्थच पालटतो.

हा नुसता परीक्षेतल्या गुणांचा प्रश्न नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता. संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारा कायदा १८९१ मध्ये, म्हणजे ही कादंबरी ताजी असतानाच झाला. कायदे कागदावर आले, तरी माजघरात अंमल रूढीचाच होता. आणि त्या रूढीला सर्वांत सोयीचा शब्द कोणता होता? ‘सोशिक’! सोसणारीची एकदा स्तुती केली, की सोसायला लावणाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही. तोच शब्द आपण आज दहा गुणांच्या उत्तरात मुलींकडून घोकून घेतो.

मी त्या अर्ध्या पानाला दहापैकी आठ गुण दिले. वरच्या परीक्षकांनी ‘अपेक्षित मुद्दे नाहीत’ असा शेरा मारून त्यांचे पाच केले. मी लेखी हरकत घेतली आहे. निकाल अजून यायचा आहे.

तोवर दिवाळीच्या सुटीत फराळाचे ताट पुढे घेऊन एकदा ही कादंबरी घरात मोठ्याने वाचा. मग आजीला, आईला, लेकीला विचारा : यमूला तुम्ही किती गुण द्याल? उत्तरे निरनिराळी येतील. येऊ द्या. वाद झाला, तर निदान तेवढ्यापुरते तरी कोणीतरी लक्षात घेतले असे होईल.