हवेची गोष्ट

टिकल्यांचे पिस्तूल हे दिवाळीतले सर्वांत निरुपद्रवी शस्त्र, अशी माझी चाळिशी उलटेपर्यंत समजूत होती. गेल्या दिवाळीत ती मोडली. भाऊबिजेसाठी लोणी भापकरला माहेरी पोचून मी हातातली पिशवी ओट्यावर ठेवते न ठेवते तोच सात वर्षांच्या भाच्याने कमरेचे पिस्तूल काढून माझ्या पोटावर रोखले आणि "आत्या, हात वर!" असे फर्मावले. मी रीतीप्रमाणे हात वर केले. प्राण सोडण्याचीही माझी तयारी होती. पण इतक्यात त्याची थोरली बहीण आतून आली आणि तिने ती नळी दोन बोटांनी जमिनीकडे वळवली.

"माणसावर धरायचं नाही. टिकल्यांचं असलं तरी नाही."

भाच्याचे तोंड उतरले. माझेही उतरले, कारण माझे हात अजून वरच होते.

ही भाची पुण्यात शिकते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडीला संकुल उभारले, तिथे ती नेमबाजीच्या सरावाला जाते. दहा मीटरवरून, एका हाताने, हवेच्या पिस्तुलातून साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा मारायचा. मधले दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे. असे साठ नेम सव्वा तासात. २८ जुलै २०२४ रोजी पॅरिसला मनू भाकरने याच प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि चारच दिवसांनी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलीत. त्याची रायफल काडतुसाची, हवेची नव्हे. पण आमच्या दादाने असला बारकावा मनात धरला नाही. 'कांबळवाडीचा पोरगा जातो, तर लोणीची पोरगी का नाही?' एवढेच त्याने धरले, आणि कांद्याचे पैसे हाती येताच पोरीसाठी एक जुने, दुसऱ्याने वापरलेले पिस्तूल घेऊन टाकले. तोवर ती दुसऱ्यांच्या पिस्तुलावर शिकत होती. दिवाळीनंतर बाराव्या दिवशी तिची स्पर्धा होती.

आमचा हा बारामती तालुक्याचा जिरायत कोपरा. मोरगावच्या गणपतीला येणारे बहुतेक लोक शेजारून निघून जातात. वाट वाकडी करून आले, तर मल्लिकार्जुनाचे जुने देऊळ, पुष्करणी आणि यज्ञवराहाची मूर्ती पाहून थक्क होतात. त्या दिवाळीत गावकऱ्यांना थक्क व्हायला आमचा गोठा होता. दादाने टेपने दहा मीटर मोजले, भिंतीशी छर्रे अडवणारी लोखंडी पेटी ठेवली, मागच्या दाराला कुलूप घातले. म्हैस बाहेर लिंबाखाली गेली आणि दोन दिवस तिने आमच्याकडे पाहिले नाही.

मला काम मिळाले पंप मारण्याचे. या पिस्तुलात स्प्रिंग नसते, बारूद नसते. नळीखाली एक बोटभर जाडीचे नळकांडे असते, त्यात हवा दाबून भरायची. घोडा ओढला की तिच्यातली चिमूटभर सुटते आणि छर्रा जातो. एका भरणीत शंभराहून जास्त नेम होतात. कल्पना नवी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्याकडे अशी हातपंपाने भरायची बंदूक होती.

मराठी शिकवणाऱ्या बाईला हवेचे भय कसे वाटावे? आपल्या भाषेने हवेला फारशी किंमतच दिलेली नाही. डोक्यात जाते ती हवा, इमले बांधतात ते हवेत, आणि माझे विद्यार्थी उत्तर येत नसले की चार पाने भरतात तीही हवाच. मी पदर खोचून म्हटले, "सायकलला भरते तशीच ना?"

"आत्या, स्कूटरच्या चाकात साधारण दोन बार हवा असते. यात दोनशे."

माझ्या मुद्रेवरून तिने ओळखले की हा आकडा मला लागलेला नाही. मग तिने माझे बोट धरले. "या नखाएवढ्या जागेवर दोन क्विंटल ज्वारी. नळकांड्याच्या आतून, सगळीकडून."

पुढचा पाऊण तास मी प्राध्यापिका नव्हते, विद्यार्थिनी होते. नळकांडे पिस्तुलापासून सोडवून मगच भरायचे. आटे हातानेच बसवायचे, पान्हा लावायचा नाही. पंप सावकाश मारायचा, थोडा मारून थांबायचे. कारण दाबली की हवा तापते, तापली की काटा उगीच वर दिसतो आणि निवल्यावर खाली येतो. दोनशेच्या पुढे एक रेघही नाही. पंप काढण्याआधी त्याच्या बुडाचा स्क्रू सैल करून नळीतला दाब सोडायचा, नाहीतर ती नळी सापासारखी उसळते. पंपाच्या हवेतला ओलावा आत गेला तर धातू आणि रबर दोन्ही खातो, म्हणून गाळणीतला टिपकागद पाहायचा. भरलेले नळकांडे उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवायचे नाही.

आटे घट्ट वाटले म्हणून मी वहिनीची खोबरेलाची बाटली आणली. भाची जवळजवळ ओरडलीच. कारण मात्र दादाने सांगितले. "अगं, डिझेलच्या इंजिनात ठिणगी कुठं असते? दाबानं हवा तापते आणि तीच तेल पेटवते. तू हितं इंजिनच करायला निघालीस." बाटली निमूटपणे देवळीत गेली. शेजारच्या काकांनी वेल्डिंगवाल्याची ऑक्सिजनची टाकी जोडण्याचा सोपा मार्ग सुचवला. त्यावर भाची काही बोलली नाही, नुसती नळकांडे उचलून छातीशी धरून उभी राहिली. ऑक्सिजनमध्ये तेलाचा एखादा थेंबही भडकतो, हे तिने काकांना नंतर, चहा देताना, गोड शब्दांत सांगितले.

दोन दिवस असे छान गेले. मी पंप मारी, ती नेम धरी. नेम संपले की पिस्तुलाच्या नळीतून झगझगीत रंगाची दोरी आरपार ओवलेली असे; आत छर्रा नाही याची ती खूण. हात साबणाने धुतल्याशिवाय चकलीला हात लावायचा नाही, शिसे पोटात जाते. माझी मात्र पाठ भरून आली होती आणि डोक्यातही थोडी हवा गेली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई गोठ्यात आली. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. गॅसची टाकी घेऊन येणाऱ्याला ती पुऱ्या पंचक्रोशीत ठाऊक आहे, कारण टाकीच्या कड्याखालच्या पट्टीवरचे अक्षर वाचल्याशिवाय ती टाकी उतरवू देत नाही. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे जून अखेर, सी म्हणजे सप्टेंबर, डी म्हणजे डिसेंबर, आणि पुढे साल. ती मुदत सरली की टाकीची पुन्हा चाचणी व्हायला हवी. एकदा तिने दारातून टाकी परत धाडली होती.

तिने नळकांडे हातात घेऊन फिरवले. "ह्याची तारीख कुठं असती गं?"

भाची काही बोलेना. मग तिच्या चेहऱ्याचा रंग बदलला.

नळकांड्यावर आधीच्या मालकाने गणपतीचे चित्र चिकटवले होते. मोरगावच्या इतक्या जवळ राहून गणपतीला नख लावायचे कुणाच्या मनातही आले नव्हते. आईने हात जोडले, ऊन पाण्यात फडके भिजवले आणि चित्र अलगद सोडवून देवघरात नेऊन ठेवले. खाली धातूवर ठसे होते: दाबाचा आकडा, आणि साल-महिना. असल्या नळकांड्याचे आयुष्य फार तर दहा वर्षांचे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांतही ते आहे आणि मुदत पाहणे ही खेळाडूची जबाबदारी मानली आहे. आमच्या नळकांड्याची मुदत दहा महिन्यांमागे संपली होती. आणि दोन दिवस मी त्यावर वाकून, तोंडापासून हातभर अंतरावर, दोनशेपर्यंत काटा चढवत होते.

खरे सांगायचे, तर मला प्रथम भीती वाटली नाही, मोह झाला. दादाचे पैसे, पोरीची स्पर्धा. मी म्हटले, "दोन दिवस काही झालं नाही, तर आणखी बारा दिवसांनी काय होणार आहे? स्पर्धा होऊ दे." परीक्षेत एका गुणाने नापास झालेल्या मुलाविषयी नियमावर बोट ठेवणारी मी, हे म्हणाले.

भाचीने मान हलवली. "चुकलं माझं. सगळं पाहिलं, हेच नाही पाहिलं." पेटीतला हवा सोडण्याचा लहान तुकडा तिने बसवला, नळकांडे भिंतीकडे वळवले आणि हळूहळू फिरवले. सूऽऽ असा बारीक, लांबलचक आवाज सुरू झाला. म्हशीने बाहेरून मान वळवली. काटा शून्यावर आला, तरी दादा तिथेच उभा होता. २०२१ साली टोकियोत मनू भाकरचे पिस्तूल ऐन फेरीत बिघडले, मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली, ही हकीकत त्याला पोरीनेच कधीतरी सांगितली होती. ती त्याने आता तिला ऐकवली. ती ऐकून घेत होती, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी.

पुढचे दिवस तिने रिकाम्या पिस्तुलानेच सराव केला. भिंतीवर खडूचा ठिपका, हात लांब, श्वास धरलेला, आणि घोड्याची नुसती टिक्. भाचा शेजारी उभा राहून टिकल्यांच्या पिस्तुलाने तोच ठिपका टिपत होता, नळी भिंतीकडे.

भाऊबिजेला दादाने माझ्या ताटात पाकीट घातले. मी ते न उघडता भाचीच्या हातात दिले आणि म्हटले, "नवं नळकांडं घे."

तिने पाकीट उघडून पाहिले, नोटा मोजल्या आणि गंभीरपणे म्हणाली, "आत्या, यात त्याचं झाकण येईल."

उरलेले दादाने आणि मी मिळून घातले.