चुकीची किंमत

वाहनांवर नावे आणि अक्षरे चिकटवून देणारे ‘रेडियम’चे दुकान जळगाव-धुळ्यात सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या दुकानातील संगणकचलित सुरी छापील सर्किटची पाटी, म्हणजेच पीसीबी, करण्यासही उपयोगी पडते, हे मात्र आपल्या अनेक महाविद्यालयांच्या गावीही नसते.

कृती साधी आहे. सर्किटच्या आकाराने कापलेला व्हिनाइलचा पापुद्रा तांब्याचा थर असलेल्या पाटीवर चिकटवावयाचा व ती फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवावयाची. उघडे तांबे विरघळते, झाकलेले उरते. केसासारख्या बारीक रेषा यातून साधत नाहीत, हे खरे. वापरलेले द्रावण गटारात ओतणे घातक, हेही विसरता कामा नये.

कारखान्यातील पाटी नगास स्वस्त पडते, असा आक्षेप येईल. अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने तो मला मान्य आहे. पण शेकड्यांच्या मागणीपुरताच. विद्यार्थ्याला एकच पाटी हवी असते आणि पहिल्या खेपेस ती बहुधा चुकते. चूक सुधारण्यास आठवडा लागणार असेल, तर तो तयार ‘प्रोजेक्ट’ विकत आणतो; सायंकाळपर्यंत सुधारता आली, तर शिकतो.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला, तो हातांनी काम करीत शिकण्यासाठीच. २००२ साली तेथे फॅब लॅब आली. अशा प्रयोगशाळांच्या साधनांत ही सुरी असतेच. एका खेड्यास जे साधले, ते खानदेशातील महाविद्यालयांस का साधू नये? नव्या अनुदानाचा अर्ज लिहिण्यापूर्वी त्यांनी शेजारच्या रेडियमच्या दुकानाची पायरी चढावी.