काचेच्या पेटीतले झिंगे

वस्तीतील वाचनालयात, अभ्यासिकेत किंवा समाजमंदिरात काचेची पेटी ठेवण्याची हौस आता वाढली आहे. माशांबरोबर गोड्या पाण्यातले छोटे झिंगेही दुकानात मिळू लागले आहेत. मुले त्यांच्यासमोर तासन्‌तास बसतात. परंतु होते काय, की पहिला महिना कौतुकाचा जातो आणि दुसऱ्या महिन्यात पेटी रिकामी होते. मग "झिंगे आपल्याकडे टिकत नाहीत" असे म्हणून मंडळी मोकळी होतात. झिंगे टिकतात. त्यांचे मरण बहुधा आपल्याच हातून येते, आणि तेही नकळत.

प्रथम झिंगा कोणता घ्यावा? चीन-तैवानकडचा 'रेड चेरी' नावाचा लाल झिंगा, बोटाच्या पेराएवढा, आपल्याला सोयीचा. आपल्या भागातले बोअरचे पाणी जड असते. भांड्यावर पांढरा थर बसतो तो त्याचाच. चेरी झिंग्याला थोडे जड पाणी चालते, कारण त्याचे कवच टणक व्हायला चुना लागतो. काळे-पांढरे पट्टे असलेले महागडे झिंगे मात्र मऊ पाण्याचे. त्यांच्या नादी लागू नये. खाण्यासाठी पाळतात तो मोठा झिंगाही पेटीत ठेवू नये. तो वाढतो आणि एकमेकांशी भांडतो.

पेटी आणली आणि त्याच दिवशी झिंगे सोडले, ही घाई नडते. विष्ठेपासून आणि उरलेल्या अन्नापासून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो पचवणारे सूक्ष्म जंतू स्पंजच्या फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पंप चालू ठेवावा, चिमूटभर खाद्य टाकावे आणि वाट पाहावी. नंतर दहा-पंधरा झिंगे आणावेत. सलाइनच्या कोऱ्या नळीने पेटीतले पाणी थेंब थेंब त्यांच्या भांड्यात तासभर सोडावे आणि मग त्यांना पेटीत घ्यावे.

आता पाणी. चार-चार दिवस पाणी साठवून वापरण्याची सोलापूरकरांना वर्षानुवर्षांची सवय आहे. आपल्या बायाबापड्यांना या सवयीचा जाच झाला, पण झिंग्यांना तिचा उपयोग आहे. नळाच्या ताज्या पाण्यातील क्लोरीन त्यांना मारक असतो. तेच पाणी एक-दोन दिवस उघड्या तोंडाच्या बादलीत, वर फडके बांधून ठेवले, की क्लोरीन उडून जातो.

मात्र इथेच मोठा धोका आहे. डासांच्या अळ्या मारण्यासाठी आरोग्य कर्मचारी घरोघरच्या बॅरलमध्ये टेमिफॉस नावाचे औषध टाकतात. डेंग्यू टाळण्यासाठी ते आवश्यकच आहे, त्यांना अडवू नये. पण झिंगा हा अळीसारखाच, किड्यांच्या गोत्यातला जीव. त्या बॅरलमधले तांब्याभर पाणीसुद्धा पेटीत पडू देऊ नये. म्हणून एक बादली वेगळी ठेवावी, तिच्यावर ठळक अक्षरांत 'झिंग्यांची' असे लिहावे. पेटीच्या खोलीत डासांची कॉइल, वडी किंवा फवारा वापरू नये. तांब्याच्या हंड्यातले पाणीही नको. गंमत अशी, की आपल्या रक्तात जसे लोह, तसे झिंग्याच्या रक्तात तांबे असते. तरी पाण्यात विरघळलेले तांबे त्याच्यासाठी विष आहे. साबणाचे हात, तेलाचे हात पेटीबाहेरच राहावेत.

झिंगा वाढताना सापासारखी कात टाकतो. तळाशी पारदर्शक टरफल दिसले की पोरे 'मेला, मेला' म्हणून ओरडतात. मेलेला झिंगा दुधाळ, गुलाबीसर दिसतो. कात काचेसारखी असते. ती काढू नये, झिंगे ती खाऊन चुना परत मिळवतात. पाणी एकदम बदलले तर कात अर्धवट अडकून जीव जातो. म्हणून आठवड्याला दहावा हिस्साच बदलावा. मादीच्या पोटाखाली अंडी दिसली तर मुलांना तारीख लिहून ठेवायला सांगावे. तीन-चार आठवड्यांत पिले दिसतील. गप्पी मासे सोबत असतील तर ती पिले फस्त करतात, हेही ध्यानात असावे.

सोलापूरचा उन्हाळा ही खरी परीक्षा. पारा ४२ अंशांवर जातो. झिंग्याला २० ते २८ अंश मानवतात. पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो. पेटी पत्र्याखाली, खिडकीत ठेवू नये. बाहेरून ओले गोणपाट लावावे, वर टेबलपंखा सोडावा. माठ गार होतो त्याच तत्त्वाने पाणी उतरते. उडालेल्या पाण्याच्या जागी आर.ओ.चे किंवा पावसाचे पाणी घालावे, कारण वाफ होते ती पाण्याची; क्षार मागेच राहतात. वीज गेली तर पेल्याने पाणी वर घेऊन ओतत राहावे.

कोणी म्हणेल, माणसांना पाणी नाही आणि झिंग्यांना कशाला? प्रश्न रास्त आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत साधारण ५० लिटर पाणी मावते. आठवड्याचा बदल ५ लिटरचा, आणि काढलेले पाणी कुंडीतल्या रोपाला खत म्हणून जाते. एवढ्यात पन्नास मुलांना जीवशास्त्र डोळ्यांनी दिसते. मात्र ते ५ लिटर एकाच बाईच्या डोक्यावर येता कामा नये. घरांच्या पाळ्या लावाव्यात.

खरा रोग पाण्याचा नसून 'सगळ्यांचे म्हणजे कोणाचेच नाही' या वृत्तीचा आहे. येणारा-जाणारा प्रत्येक जण चिमूटभर खाद्य टाकतो आणि पेटी नासते. यासाठी शंभर पानी वही घालावी. खाद्य कोणी दिले, पाणी कधी बदलले, किती झिंगे दिसले, याचा जमा-खर्च मुलांनीच लिहावा. खाद्य दोन-तीन दिवसांतून एकदा पुरे. उकडलेल्या पालकाचे एक पान किंवा देशी बदामाचे वाळलेले पान उत्तम. पोटाला शेवाळ असतेच.

आणि शेवटचे. पेटी बंद करायची वेळ आली तर झिंगे सिद्धेश्वर तलावात किंवा संभाजी तलावात सोडू नयेत, दुसऱ्या मंडळाला द्यावेत. मूळचा आफ्रिकेतला चिलापी आज उजनीच्या जाळ्यात किती भरतो, ते मासेबाजारात दिसतेच. बाहेरचा जीव एकदा पाण्यात गेला की परत बोलावता येत नाही.

ज्या मंडळांकडे पेटी आहे त्यांनी या रविवारी दोन कामे करावीत. वही घालावी, आणि एक बादली वेगळी काढावी.