दावणीपर्यंत न पोहोचलेले शास्त्र

माणदेशातील म्हसवडचे नाव शहरातील वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येते ते बहुधा दुष्काळ पडला म्हणजे. माणगंगेचे पात्र कोरडे पडते, विहिरी तळ गाठतात, छावण्या उघडतात, आणि उन्हात दाव्याला उभ्या असलेल्या जनावरांची छायाचित्रे आम्ही छापू लागतो. पाऊस पडला की छावणी मोडते आणि तिच्याबरोबर आमची आस्थाही ओसरते. छावणीचे एकही छायाचित्र हाताशी नसताना आज आम्ही हा विषय या जागी घेतला, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु दुष्काळात जनावरे कशी जगवावी याचा विचार दुष्काळ आल्यावर करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणावयास घेणे होय. हा विचार पहिल्या पानावर मांडावयाचा तर तो आताच मांडला पाहिजे.

म्हसवड आणि भोवतालचा माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला हा सारा पट्टा पर्जन्यछायेतला. पाऊस थोडा आणि तोही लहरी. अशा मुलखात शेतकऱ्याची खरी ठेव जमिनीत नसते, ती दावणीला असते. खिल्लार बैल हे या भूमीचे वैभव. त्या जातीचा एक प्रकार तर म्हसवडच्याच नावाने ओळखला जातो. माळरानावर चरणारी दख्खनी मेंढी ही धनगराची तिजोरी. व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या 'बनगरवाडी'त याच मुलखाची कथा सांगितली. त्या कथेच्या शेवटी दुष्काळाने मेंढरे जातात आणि वाडी उठून जाते. जनावर गेले की गाव जाते, हा येथील अनुभव १८७६ ते ७८ च्या महादुष्काळापासूनचा आहे.

२०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने जनावरांची छावणी चालविली. २०१९ च्या प्रारंभी ती पुन्हा उघडावी लागली. घरदार सोडून माणसे जनावरांसह महिनोन्महिने छावणीत राहिली. हजारो मुकी जित्राबे खाटकाच्या दारी जाण्यापासून वाचली. हे कार्य ज्यांनी केले त्यांच्याविषयी आम्हांला आदरच आहे. शासनानेही त्या वर्षी मोठ्या जनावरामागे दिवसाला १०० रुपये आणि लहान जनावरामागे ५० रुपयांपर्यंत अनुदान वाढवीत नेले. तथापि छावणीत जनावर वाचले एवढ्याने आमचे समाधान होत नाही. ते कशावर वाचले आणि कोणत्या अवस्थेत घरी परतले, हा प्रश्न विचारणे प्राप्त आहे.

थोडा हिशेब मांडू या. २०१९ मध्ये मोठ्या जनावरास दिवसाला प्रथम १५ किलो आणि पुढे १८ किलो हिरवा चारा देण्याचे ठरले होते. त्याला पशुखाद्याची थोडी जोड होती. आकडा ऐकावयास मोठा वाटतो. परंतु दुष्काळातला हिरवा चारा म्हणजे बहुतेक ऊस आणि उसाचे वाढे. वाढ्यांच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणीच असते. म्हणजे १५ किलो वाढ्यांतून जनावराच्या पोटात कोरडा अंश जातो तो साडेचार किलोच्या आसपास. साडेतीनशे-चारशे किलो वजनाच्या गाईला दिवसाला तिच्या वजनाच्या निदान दोन टक्के, म्हणजे सात-आठ किलो कोरडा अंश लागतो. शिवाय वाढ्यांत प्रथिने थोडी, आणि ऑक्झलेट नावाचे द्रव्य बरेच. हे ऑक्झलेट चाऱ्यातील कॅल्शियम बांधून टाकते आणि ते जनावराच्या अंगी लागू देत नाही. महिनोन्महिने वाढ्यांवर राहिलेली गाय जगते खरी. पण तिची हाडे झिजतात, माज लांबतो, वासरू अशक्त होते. छावणी मोडल्यावर आणखी वर्षभर ती गाय दुष्काळच भोगीत असते. सरकारी कागदावर मात्र ती 'वाचलेल्या जनावरांत' जमा होते.

यावर शास्त्र काय सांगते? रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट ही सृष्टीतील एक अद्भुत भट्टी आहे. त्याच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव वास करतात. माणसाला जे पचविता येत नाही ते काडीचे लाकूड हे जीव कुजवून त्याचे अन्न करतात. म्हणून गाईला चारणे म्हणजे प्रथम या अदृश्य जीवांना चारणे. त्यांना नायट्रोजन हवा असतो. चाऱ्याच्या कोरड्या अंशात सुमारे सात टक्के प्रथिने नसतील तर त्यांचे काम मंदावते, चारा पोटातच रेंगाळतो, आणि जनावर समोर कडबा असूनही तो पुरेसा खात नाही. आपल्या ज्वारीच्या कडब्यात प्रथिने असतात तीन-चार टक्के. ही तूट भरून काढण्याचा मार्गही ठाऊक आहे. शंभर किलो कोरड्या वैरणीवर चार किलो युरिया ४० ते ६० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा, ती दाबून हवाबंद झाकावी, आणि तीन आठवड्यांनी उघडावी. तिच्यातील प्रथिनांश जवळजवळ दुप्पट होतो आणि ती मऊ व पचण्यास हलकी होते. प्रमाण मात्र काटेकोर पाळले पाहिजे, कारण तोच युरिया मापाबाहेर गेला तर विष ठरतो. वाढे द्यावेच लागले तर त्यांच्याबरोबर खनिज मिश्रण आणि चुन्याची निवळी द्यावी, हाही उपाय सांगितला गेला आहे.

हे ज्ञान कालपरवाचे नव्हे. इज्जतनगरच्या संशोधन संस्थेत डॉ. के. सी. सेन यांनी भारतीय पशुखाद्यांच्या पोषणमूल्यांची कोष्टके तयार केली, त्याला कित्येक दशके लोटली. आणंद येथे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९८० नंतरच्या दशकात युरिया, मळी आणि खनिजे यांच्या चाटण-विटा तयार केल्या. बंगळूर येथे १९९५ साली पशुपोषणाची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. फार दूर कशाला जावे? खुद्द सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, आणि म्हसवडच्या तालुक्यातच दहिवडीला शासनाच्या महामंडळाचे शेळ्या-मेंढ्यांचे प्रक्षेत्र आहे. ज्ञान आहे, संस्था आहेत, पदव्या आहेत, प्रबंध आहेत. प्रयोगशाळेपासून दावणीपर्यंतचे अंतर मात्र अजून सरत नाही.

याचे खापर शेतकऱ्याच्या अज्ञानावर फोडण्याची आपणा शहरवासीयांस फार हौस. आम्हांला हा आरोप मान्य नाही. पावसाअभावी खुरटलेल्या ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन जनावर तडफडून मरते, हे माणदेशी कुणब्याला हायड्रोसायनिक आम्लाचे नाव ऐकण्यापूर्वी शेकडो वर्षे ठाऊक होते. कोणत्या माळावर कोणत्या महिन्यात कोणते गवत सत्त्वाचे, हे धनगराला विचारावे. त्याचे उत्तर पुष्कळ पुस्तकांहून अचूक निघेल. दोष अन्यत्र आहे. युरिया प्रक्रियेचेच उदाहरण घ्या. शंभर किलो वैरणीला ४० ते ६० लिटर पाणी! ज्या गावात माणसांसाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथील बाईने चैत्र-वैशाखात हे पाणी कोठून आणावे? आणि दावणीचे काम घराघरांत करते ती बाईच. वैरण पसरणे, शिंपणे, तुडविणे, झाकणे हे श्रम तिच्याच माथी. ही कृती दुष्काळात नव्हे, तर त्यापूर्वी सुगीनंतर, पाणी आणि कडबा दोन्ही असताना सामुदायिक रीतीने व्हावयास हवी. परंतु संशोधकाने प्रयोग सिद्ध केला आणि प्रबंध लिहिला की आपले काम संपले असे मानले. प्रसार करणाऱ्याने पत्रक वाटले की आपले संपले असे मानले. ज्या शास्त्राने वापरणाऱ्याच्या पाण्याचा आणि श्रमाचा हिशेब केला नाही, ते शास्त्र अर्धेच राहिले असे आम्ही म्हणतो.

याच्या उलट एक उदाहरण जवळच आहे. फलटणच्या संस्थेने सुंदरबनातील गारोळ जातीच्या लहानखुऱ्या मेंढीतील जुळी कोकरे देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणला आणि त्यातून 'सुवर्णा' ही मेंढी सिद्ध केली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ या कामी सहभागी होते. मेंढी धनगराच्या वाड्यात तग धरते की नाही हे पाहावयास संशोधक वाड्यांवर गेले, हा या कार्याचा आम्हांला वाटणारा मोठा गुण. परंतु त्यातूनच एक धडाही निघतो. एका पिलाच्या जागी दोन पिले आली तर आईचे दूध दोघांस पुरले पाहिजे, आणि आईला दूध यावे तर गाभणपणाच्या अखेरीस आणि व्याल्यावर तिला अधिक चांगला चारा मिळाला पाहिजे. जनुक दुसरे कोकरू देईल. त्याला दूध देणार नाही. आपल्या पशुधनविकासाची गाडी पैदाशीच्या एकाच चाकावर पळविण्याचा प्रयत्न आजवर पुष्कळ झाला. अधिक दुधाची संकरित गाय दारी आणली. तिच्या भुकेचा विचार मागाहून सुरू केला. आहाराचे दुसरे चाक नसेल तर ही गाडी जागच्या जागी फिरत राहील.

शहरातील वाचक विचारील, या गव्हाणीच्या गोष्टींशी आमचा संबंध काय? त्याने सकाळच्या चहाच्या पेल्याकडे पाहावे. पुण्या-मुंबईच्या दुधाचा मोठा हिस्सा पश्चिम महाराष्ट्राच्या गोठ्यांतून येतो. भिजून बुरशी आलेली पेंड किंवा मका गाईच्या पोटात गेला तर त्यातील अफ्लाटॉक्सिन नावाच्या विषाचा अंश दुधात उतरतो, आणि दूध तापविल्याने तो नाहीसा होत नाही. माणदेशातली गव्हाण आणि शहरातल्या मुलाचा पेला यांच्यामध्ये भिंत नाही. दुधाचा दर वाढला म्हणजे आपण त्रागा करतो. परंतु दूध उत्पादनाच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा चाऱ्याचा आणि खाद्याचा असतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने २०१२ पासून संतुलित आहाराचा जो कार्यक्रम चालविला, त्यात गावातल्याच खाद्यांची योग्य जुळणी करून दिल्यावर खर्च उतरला आणि जनावराच्या ढेकरेतून जाणारा मिथेन वायूही घटला. गाईला अधिक खाऊ घाला असे सांगणारे हे शास्त्र नव्हे; आहे तेच शहाणपणाने खाऊ घाला असे ते सांगते.

तेव्हा काय करावे? आमच्या सूचना साध्या आहेत. पहिली, छावणीच्या नियमांत चारा नुसता किलोने मोजू नये. कोरडा अंश, प्रथिने आणि खनिजे यांचे किमान प्रमाण तेथे स्पष्ट लिहावे, आणि प्रत्येक छावणीवर पशुपोषण जाणणारा एक जबाबदार मनुष्य असावा. छावणीचा उद्देश जनावर मरू न देणे एवढाच नसावा. ते कामास व दुधास योग्य राहून परतावे, हा असावा. दुसरी, पाऊस बरा झालेल्या वर्षी कडबा आणि मका स्वस्त असताना वैरणीचा साठा करावा. मुरघास, प्रक्रिया केलेला कडबा आणि चाटण-विटा यांची गावोगाव कोठारे असावीत. दुष्काळात दूरवरून उसाचे वाढे वाहून आणण्यास जो पैसा लागतो, त्यातील अंश आधी खर्चिला तर पुष्कळ वाचेल. तिसरी, बाएफ संस्थेने पुढे आणलेला बिनकाट्यांचा निवडुंग, तसेच सुबाभूळ, अंजन यांसारखी झाडेझुडपे माळांवर आणि बांधांवर लावावी. मात्र निवडुंगात पाणीच फार आणि प्रथिने थोडी, तेव्हा तो एकटा पुरणार नाही हेही त्याच वेळी सांगावे. चौथी, शिरवळ, फलटण आणि दहिवडी येथील तज्ज्ञांनी म्हसवडच्या आठवडा बाजारात येऊन बसावे. शेतकऱ्याने वैरणीची पेंढी आणावी आणि तिच्यात काय कमी आहे व ते कसे भरून काढावे हे मराठीत, साध्या मापात, तेथेच समजून घ्यावे. आणि या सर्व योजनांच्या विचारविनिमयात दावण सांभाळणाऱ्या बायांना पहिली जागा असावी, शेवटची नव्हे.

माणदेशात आता उरमोडीचे आणि जिहे-कठापूर योजनेचे पाणी काही भागांत पोहोचले आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी आभाळाकडे डोळे लावले त्यांच्या शेतात पाट वाहताना पाहून कोणासही आनंदच होईल. परंतु पाणी आले की प्रथम ऊस उभा राहतो, आणि चाऱ्याच्या वाट्याला पुन्हा वाढेच येतात, हे इतरत्र घडलेले आपण पाहिले आहे. या नव्या पाण्यातला काही वाटा चाऱ्याच्या पिकांसाठी आजच राखून ठेवला नाही, तर पुढच्या दुष्काळात पाण्याच्या कालव्याशेजारीच छावणी उघडण्याची नामुष्की आपल्यावर येईल.

दुष्काळ पुन्हा येणार, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पाऊस कोणाच्या हाती नाही. परंतु जनावराच्या पोटाचे शास्त्र आपल्या हाती आहे, आणि म्हसवडच्या आजूबाजूला ते जाणणारी माणसेही आहेत. ती माणसे आणि ती दावण यांची गाठ घालून देणे हे शासनाचे काम आहे, आणि ती घातली जाते की नाही हे दुष्काळ नसतानाही विचारीत राहणे हे आमचे आणि वाचकांचे काम आहे. आम्ही आमच्याकडून आज तो प्रश्न विचारला आहे. पुढच्या वेळी छावणीचे छायाचित्र छापण्याची पाळी आलीच, तर त्याखाली जनावरांच्या संख्येबरोबर त्यांच्या गव्हाणीत काय होते हेही आम्ही छापू, आणि उत्तरही मागू.