जोंगा घ्यायची तर आधी कागद

आर्मी डिस्पोजलची गाडी पाहायला गेलेला माणूस आधी बोनेट उघडतो. माझं कळकळीचं सांगणं, आधी कागद उघडा. जबलपूरच्या कारखान्यात बनलेली जोंगा सैन्यात असते तोवर तिला यवतमाळचा एमएच २९ नंबर लागत नाही. वर टोक केलेला बाण आणि पुढे वर्षाचे दोन आकडे, हीच तिची ओळख. लिलावात सुटली की तो नंबर संपला. मग यवतमाळच्या आरटीओत नव्याने नोंदणी, आणि तिथे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ४७ लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेला, नमुना २१ मधला मूळ विक्री दाखला मागतो. मूळ, झेरॉक्स नव्हे. दोन-तीन हात फिरलेल्या गाडीचा नेमका तोच सापडत नाही. अर्जासोबत विमाही जोडायचा असतो. म्हणजे पॉलिसी आधी, नंबर नंतर, आणि ती निघते इंजिन-चेसिसच्या नंबरावर. म्हणून चेसिसवरचं ग्रीस रॉकेलच्या बोळ्याने पुसा, वर कागद धरून पेन्सिल घासा आणि उमटलेला एकेक आकडा दाखल्याशी ताडून पाहा. ऑलिव्ह हिरवा रंगही उतरवावा लागतो. नियम १२१ प्रमाणे तो फक्त सैन्याचा. गाडीच्या किमतीचा विमा घ्या की नका घेऊ, पण थर्ड पार्टीशिवाय ती अंगणाबाहेर काढू नका. कापसाच्या दिवसांत आर्णी रोडवर अंधार पडल्यावरही बैलगाड्या असतात. त्या जड लोखंडाची धडक एखादीला बसली, तर त्या घराची भरपाई कुठून भराल?